बाटली गोव्याची, नाका कर्नाटकाचा : बर्बन आणि राय विकत घेण्यापूर्वी

गोव्यातून चोर्ला किंवा अनमोड घाटाने बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जाणाऱ्या अनेक कुटुंबांची त्या भागात सोयरीक आहे. साखरपुडा, लग्न, निवृत्तीचा समारंभ किंवा गणपतीनंतरची भेट असे काही निमित्त असले की आप्तांसाठी गाडीत एखादी बाटली ठेवण्याचा मोह होतो. गोव्यात मद्य स्वस्त, ही समजूत सीमाभागात पक्की रुजलेली असल्याने पलीकडूनही ‘येताना एक घेऊन या’ असा निरोप येतो. पूर्वी हा निरोप बहुधा स्कॉचसाठी असे. अलीकडे त्यात बर्बन या अमेरिकन व्हिस्कीचे नाव ऐकू येऊ लागले आहे, आणि क्वचित तिच्याच भावंडाचे, म्हणजे रायचेही.

येथे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अशी की, बर्बन म्हणजे नेमके काय हे ठाऊक नसल्यामुळे ग्राहक नावाला आणि बाटलीच्या डौलाला भुलून पैसे मोजतो. दुसरी अधिक गंभीर आहे. गोव्यातील परवानाधारक दुकानातून पावती घेऊन आणलेली बाटली कणकुंबीच्या नाक्यावर बेकायदा ठरू शकते. दोन्ही अडचणींचे उत्तर बाटलीवरच छापलेले असते. ते वाचायचे कसे, याचे हे विवेचन आहे.

नाव बिस्किटाचे आणि व्हिस्कीचेही

बहुतेक मराठी घरांत ‘बर्बन’ हा शब्द प्रथम पोहोचला तो चॉकलेटच्या बिस्किटामुळे. बिस्किटाचे नाव फ्रान्सच्या बूर्बाँ राजघराण्यावरून आले. अमेरिकेतील केंटकी राज्यात त्याच घराण्याच्या नावाचा ‘बर्बन काउंटी’ हा परगणा आहे आणि व्हिस्कीच्या नावाचा संबंध बहुधा त्या परगण्याशी जोडला जातो. नावाच्या उगमाबद्दल मतभेद असले तरी व्याख्येबद्दल मुळीच नाहीत. ४ मे १९६४ रोजी अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बन हे अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचे घोषित केले. गोमंतकीय वाचकाला हे समजणे कठीण नाही. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गोव्याबाहेर गाळलेल्या दारूला फेणी म्हणता येणार नाही, असाच त्यामागचा अर्थ होता.

अमेरिकन नियमांनुसार बर्बनच्या धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के मका असावा लागतो. उरलेल्या भागात साधारणतः राय किंवा गहू आणि मोड आणलेले जव असतात. गाळून निघालेल्या मद्याची तीव्रता ८० टक्क्यांहून अधिक असू नये आणि पिंपात भरताना ती ६२.५ टक्क्यांहून अधिक असू नये, असे बंधन आहे. पिंप ओक लाकडाचे, कोरे आणि आतून जाळून कोळसा केलेले हवे. बाटलीत भरताना तीव्रता किमान ४० टक्के हवी. रंग किंवा स्वाद वरून मिसळण्यास मनाई आहे. बर्बनचा तांबूस रंग आणि व्हॅनिला, जळक्या साखरेसारखा येणारा गंध हा त्या जळालेल्या लाकडाचाच परिणाम असतो.

रायची व्याख्या जवळपास अशीच आहे. फरक एवढाच की, मक्याच्या जागी किमान ५१ टक्के राय हे धान्य असते. आपल्या फोडणीतील राईशी, म्हणजे मोहरीशी, या धान्याचा काही संबंध नाही. राय हे गव्हाच्या कुळातील, थंड प्रदेशात पिकणारे धान्य आहे आणि भारतीय शेतीत त्याला जवळजवळ स्थान नाही. मक्यामुळे बर्बन गोडसर आणि मऊ लागते. रायमुळे व्हिस्कीला मिऱ्यासारखी झणक आणि कोरडेपणा येतो.

इतिहासात रायचा मान मोठा होता. पेनसिल्वेनिया आणि मेरीलँड ही तिची मूळ भूमी. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील भट्टीत अठराव्या शतकाच्या अखेरीस मुख्यतः रायचीच व्हिस्की गाळली जात असे. १९२० ते १९३३ या काळातील देशव्यापी दारूबंदीने रायच्या बहुतेक भट्ट्या बंद पडल्या आणि नंतर बाजार बर्बनने व्यापला. गेल्या दोन दशकांत रायला पुन्हा मागणी आली असली तरी भारतातील दुकानांत ती बर्बनच्या मानाने कमीच दिसते.

उसाची व्हिस्की, मक्याची व्हिस्की

बेळगाव जिल्ह्याच्या संदर्भात हा धान्याचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. हा जिल्हा कर्नाटकाच्या साखर उद्योगाचा कणा मानला जातो. निपाणी, संकेश्वर, अथणी, कागवाड या पट्ट्यात साखर कारखाने आहेत, आणि साखरेबरोबर निघणाऱ्या मळीपासून मद्यार्क बनतो. उगार खुर्द येथील उगार शुगर वर्क्स हा १९३९ साली स्थापन झालेला कारखाना साखरेसोबत मद्यार्क आणि मद्याचेही उत्पादन करतो.

भारतात ‘व्हिस्की’ या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त आणि मध्यम दराच्या कित्येक बाटल्यांचा आधार मळीपासून किंवा धान्यापासून बनवलेला हा शुद्ध, चवहीन मद्यार्क असतो. त्यात थोडी माल्ट व्हिस्की, कधी थोडी आयात स्कॉच आणि रंगासाठी जाळलेली साखर मिसळली जाते. भारतीय नियमांत हे मान्य आहे. मात्र मळीच्या मद्यार्कापासून बनलेल्या पेयाला युरोपीय संघात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. म्हणजे सीमाभागातील सर्वसाधारण ‘व्हिस्की’ ही मुळात उसाची लेक, तर बर्बन ही मक्याची. दोन्हींची किंमत एकाच फळीवर शेजारी ठेवून पाहताना हा भेद ध्यानात असावा.

एक आणखी गोंधळ टाळायला हवा. भारतीय सिंगल माल्टच्या अनेक बाटल्यांवर ‘बर्बन कास्क’ असे शब्द दिसतात. ते मद्य बर्बन नसते. बर्बनसाठी प्रत्येक वेळी कोरेच पिंप लागत असल्याने एकदा वापरलेली पिंपे अमेरिकेला मोठ्या प्रमाणावर विकावी लागतात, आणि स्कॉटलंडपासून भारतापर्यंतचे उत्पादक ती घेतात. गोव्यात कुंकळ्ळी येथे तयार होणारी पॉल जॉन ही सिंगल माल्ट अशाच पिंपांत मुरते. तिची उत्पादक जॉन डिस्टिलरीज ही मूळची बंगळुरूची कंपनी आहे. केंटकीतील बफेलो ट्रेस या नामांकित बर्बन भट्टीची मालक असलेल्या सॅझरॅक कंपनीने २०१७ मध्ये तिच्यात भागभांडवल घेतले. अमेरिकन बर्बनचा गोव्याशी असलेला संबंध असा दुकानाच्या फळीपलीकडचाही आहे. तरीही कुंकळ्ळीची बाटली जवाची आणि केंटकीची मक्याची, हे ग्राहकाने विसरू नये.

लेबलवरचे शब्द : कोणते अर्थाचे, कोणते शोभेचे

बर्बन निवडताना समोरच्या लेबलवरील काही शब्दांना कायद्याचे बळ असते, काहींना नसते.

‘स्ट्रेट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘स्ट्रेट बर्बन’ किंवा ‘स्ट्रेट राय’ म्हणजे किमान दोन वर्षे पिंपात मुरलेली व्हिस्की. ती चार वर्षांहून कमी मुरलेली असेल तर तिचे वय छापणे बंधनकारक असते. त्यामुळे ‘स्ट्रेट’ लिहिलेले आहे पण वय दिलेले नाही, अशी बाटली किमान चार वर्षांची समजावी.

‘बॉटल्ड इन बाँड’ हे शब्द १८९७ च्या अमेरिकन कायद्यातून आले. एकाच भट्टीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखालील गोदामात किमान चार वर्षे ठेवलेली आणि ५० टक्के तीव्रतेने बाटलीत भरलेली व्हिस्की असा त्याचा अर्थ. त्या काळी भेसळीचा सुळसुळाट झाला होता आणि त्यावर उपाय म्हणून हा कायदा आला. आजही हे शब्द खात्रीचे मानले जातात.

‘सिंगल बॅरल’ म्हणजे एका बाटलीतील सारे मद्य एकाच पिंपातले. अशा दोन बाटल्यांच्या चवीत थोडा फरक असू शकतो. याउलट ‘स्मॉल बॅच’, ‘हँडक्राफ्टेड’, ‘रिझर्व’ या शब्दांना अमेरिकन नियमांत ठरावीक व्याख्या नाही. एखादी उत्तम बाटली हे शब्द वापरते, तशी सामान्य बाटलीही वापरते. त्यांच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

‘ब्लेंडेड’ आणि ‘हनी’ या दोन शब्दांपाशी थांबून विचार करावा. अमेरिकन ‘ब्लेंडेड बर्बन’मध्ये तटस्थ मद्यार्क मिसळलेला असू शकतो. मध, सफरचंद, चेरी अशा स्वादांच्या बाटल्यांवर नामांकित बर्बनचे नाव ठळक असले तरी ती गोड मद्ये असतात. त्यांची तीव्रता बहुधा ४० टक्क्यांहून कमी असते. भेट म्हणून बर्बन द्यायची आणि हाती अशी बाटली यायची, असे घाईत सहज घडते.

जॅक डॅनियल्स ही टेनेसी राज्यातील व्हिस्की. तिच्या घडणीत बर्बनचे जवळपास सर्व नियम पाळले जातात, पण पिंपात जाण्यापूर्वी ती मेपलच्या कोळशातून गाळली जाते आणि कंपनी तिला बर्बन म्हणत नाही. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी गहू असल्याने ती अधिक मृदू लागते. जिम बीमच्या पांढऱ्या लेबलची बाटली चार वर्षे मुरलेली असते आणि बर्बनची पहिली ओळख करून घेण्यासाठी ती पुरेशी आहे. कॅनडाच्या बाटलीवर ‘राय’ लिहिलेले असले तर सावध राहावे. तेथील नियमांत त्या शब्दासाठी रायचे किमान प्रमाण ठरवलेले नाही.

तीव्रतेचा आकडाही पाहावा. भारतीय बनावटीच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के हा आकडा सर्रास दिसतो. ब्रिटिश काळातील ७५ अंश ‘प्रूफ’चे ते आजचे रूप आहे. अमेरिकन ‘प्रूफ’ मोजण्याची रीत वेगळी असून तेथे १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. त्यामुळे प्रूफच्या आकड्यांची तुलना करू नये, टक्केवारी पाहावी.

किमतीतला मद्याचा वाटा आणि कराचा

आयात बाटलीच्या किमतीत मद्याचे मूल्य किती आणि कर किती, हे समजले की बरेच गैरसमज दूर होतात. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्र सरकारने बर्बनवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. त्यात ५० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ५० टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आहे. समजा, बंदरावर एका बाटलीचे मूल्य ५०० रुपये आहे. जुन्या दराने शुल्कासह ते १,२५० रुपये झाले असते. नव्या दराने ते १,००० रुपये होते. सवलत केवळ बर्बनला मिळाली. स्कॉचसह इतर आयात मद्यावरील शुल्क त्या वेळी तसेच राहिले. राय ही बर्बन नव्हे, हे तिच्या किमतीकडे पाहताना आठवावे.

तरीही दुकानातील किंमत एवढ्यावर ठरत नाही. पिण्याचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर उत्पादन शुल्क, अतिरिक्त शुल्क आणि मूल्यवर्धित कर लावण्याचा अधिकार प्रत्येक राज्याचा. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात मद्यावरील विशेष शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. जून २०२५ मध्ये त्याच राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेण्याचा निर्णय घेतला. कर्नाटकात जाहीर मूल्याच्या टप्प्यांनुसार अतिरिक्त शुल्क आकारले जाते आणि हे टप्पे वेळोवेळी बदलतात. यामुळे एकच बाटली मडगाव, बेळगाव आणि कोल्हापूर येथे तीन किमतींना मिळते. त्या फरकाचा मद्याच्या दर्जाशी संबंध नसतो. बेळगावात महाग मिळालेली बर्बन गोव्यातल्या तिच्याच बाटलीहून अधिक उंची नसते.

गोवेकरांनी आणखी एक हिशेब करावा. स्वदेशी मद्याच्या बाबतीत गोवा आणि शेजारी राज्ये यांच्या किमतीत जेवढा फरक असतो, तेवढाच आयात बर्बनच्या बाबतीत असेल असे गृहीत धरू नये. केंद्राचे आयातशुल्क सर्व राज्यांत सारखेच असते. ते वजा केल्यावर उरणारा फरक एका बाटलीमागे नाक्यावरचा धोका पत्करण्याइतका मोठा आहे का, हे दोन्हीकडच्या छापील किमती पाहूनच ठरवावे.

तीन राज्ये, तीन कायदे

सीमाभागाची भूरचनाच अशी की थोड्या प्रवासात कायदा बदलतो. पणजीहून साखळी, केरीमार्गे चोर्ला घाट चढला की कणकुंबीपाशी कर्नाटक. आंबोलीमार्गे गेल्यास आधी महाराष्ट्र लागतो आणि चंदगडकडील शिनोळी ओलांडली की बेळगाव. आजरा-संकेश्वर वाटेने निपाणी गाठायची तर दोन राज्यांच्या सीमा ओलांडाव्या लागतात. निपाणीहून कागलकडे निघाले की कोगनोळीचा नाका, आणि पलीकडे पुन्हा महाराष्ट्र.

या तिन्ही राज्यांचे मद्यविषयक कायदे वेगवेगळ्या इतिहासातून आले आहेत. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा तेथेही लागू होता. त्याच काळात घाटाखालच्या पोर्तुगीज गोव्यात मद्याला मोकळीक होती. घाटवाटांवरून चोरटी दारू वर जाण्याची परंपरा तेव्हापासूनची आहे. आज महाराष्ट्रात त्याच १९४९ च्या कायद्याचा वारसा चालतो, आणि मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आहे, तर गोव्यात १९६४ चा अबकारी कर कायदा. वयोमर्यादेतही भेद आहे. गोव्यात मद्य विकत घेण्यासाठी २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. कर्नाटकाच्या नियमांतही २१ वर्षांची अट आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्कीसारख्या तीव्र मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे.

ग्राहकाच्या दृष्टीने कळीची गोष्ट अशी की, मद्यावरील कर ज्या राज्यात भरला त्याच राज्यात ते मद्य वैध असते. गोव्यात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर ते गोव्यातील विक्रीसाठी असल्याचा उल्लेख असतो. कर्नाटकात विकल्या जाणाऱ्या बाटलीच्या बुचावर त्या राज्याच्या अबकारी खात्याचे चिकटपत्र असते. कणकुंबी, अनमोड किंवा कोगनोळी येथील अधिकारी हीच खूण पाहतो. बाटली खरी आहे, पावती आहे, पैसे भरले आहेत, ही कारणे तेथे पुरेशी ठरत नाहीत, कारण प्रश्न कर्नाटकाच्या बुडालेल्या कराचा असतो.

गोव्याच्या अबकारी खात्याकडून बाहेर मद्य नेण्यासाठी मिळणाऱ्या परवान्याबद्दलही गैरसमज आहे. तो गोव्याच्या हद्दीतून माल बाहेर नेण्याचा कागद असतो. पलीकडच्या राज्यात ती बाटली ठेवता येईल की नाही आणि किती, हे त्या राज्याचा कायदा ठरवतो. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात आणि ‘ड्राय डे’च्या आदल्या दिवशी तपासणी अधिक कडक असते. एका बाटलीपायी गाडी अडकून पडते, लग्नघरी पोहोचायला उशीर होतो आणि गुन्हा नोंदवला गेला तर पुढचे हेलपाटे वेगळेच. भेट देणाऱ्याची हौस समजण्याजोगी असली तरी ज्याच्या दारी पाहुणा जातो त्यालाही या प्रकाराचा मनस्ताप होतो.

परदेशातून दाबोळी किंवा मोप विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्कमुक्त आणता येते. अमेरिकेतील मुलाने किंवा पुतण्याने आणलेली उत्तम राय घरी पोहोचण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे. मात्र ही सवलत सीमाशुल्काची आहे. तीच बाटली पुढे घाटावरून बेळगावला न्यायची असेल तर खरेदीची पावती आणि प्रवासाची कागदपत्रे सोबत ठेवावीत, आणि त्यापूर्वी पलीकडच्या अबकारी कार्यालयात नियम विचारून घ्यावा.

बेळगाव-निपाणीत खरेदी कशी करावी

बाटली बेळगावात किंवा निपाणीत उघडायची असेल तर ती तेथेच घ्यावी, हा सर्वांत साधा आणि निर्धोक नियम. कर्नाटकात २००३ पासून घाऊक व्यवहार राज्य पेय महामंडळामार्फत होतो. किरकोळ विक्री परवानाधारक खासगी दुकानांतून आणि म्हैसूर सेल्स इंटरनॅशनल या सरकारी कंपनीच्या, म्हणजे ‘एमएसआयएल’च्या दुकानांतून होते. आयात बर्बन प्रत्येक दुकानात नसते. बेळगाव शहरात निवड मोठी मिळते. निपाणीत हवी ती बाटली आहे का, हे आधी विचारून ठेवलेले बरे.

बाटली हाती घेतल्यावर प्रथम मागची बाजू पाहावी. आयातदाराचे नाव-पत्ता, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक, मूळ देश, तीव्रता, प्रमाण आणि वैधानिक इशारा हे सारे तेथे असायला हवे. नंतर बूच, अबकारी चिकटपत्र आणि बाटलीतील मद्याची पातळी तपासावी. चिकटपत्र फाटलेले, पुन्हा चिकटवलेले किंवा पातळी उगाच खाली गेलेली असेल तर बाटली परत ठेवावी. छापील किमतीहून अधिक पैसे देऊ नयेत आणि पावती मागून घ्यावी.

ओळखीच्या माणसाने ‘कँटीनची’ किंवा ‘विमानतळावरची’ म्हणून स्वस्तात देऊ केलेली बाटली घेऊ नये. बेळगावसारख्या छावणीच्या शहरात असे प्रस्ताव येतात. लष्करी कँटीनमधील मद्य पात्र व्यक्तीच्या स्वतःच्या उपयोगासाठी असते आणि त्याची विक्री बेकायदा आहे. त्याहून मोठा धोका भेसळीचा. नामांकित ब्रँडच्या रिकाम्या बाटल्यांत हलके मद्य भरून विकण्याचा प्रकार सर्वत्र आढळतो, आणि अशा बाटलीत काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून घरातील महाग मद्याची रिकामी बाटली भंगारात देताना लेबल फाडून आणि बूच मोडून द्यावे.

बर्बन किंवा राय पूर्वी चाखलेली नसेल तर मोठी बाटली घेण्याआधी चांगल्या बारमध्ये एक माप मागवून पाहावे. स्कॉचच्या धुरकट चवीची सवय असलेल्याला बर्बन फार गोड वाटू शकते. ज्याला गोडवा नको त्याने राय शोधावी. बाटली उन्हापासून दूर आणि उभी ठेवावी. व्हिस्की बाटलीत मुरत नाही, तिचे वय पिंपातून बाहेर पडताच थांबते. त्यामुळे ‘जुनी होऊ द्या, किंमत वाढेल’ या सल्ल्याने सर्वसाधारण बर्बन कपाटात दडवून ठेवण्यात लाभ नाही. निम्मी संपलेली बाटली काही महिन्यांत गंध हरवू लागते.

शेवटी वाहनाचा मुद्दा. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश असताना गाडी चालवणे गुन्हा आहे, आणि चोर्ला किंवा आंबोलीच्या वळणांवर तर त्याहून कमी मद्यही घातक ठरू शकते. समारंभ आटोपल्यावर रात्री घाट उतरण्याऐवजी पाहुण्यांनी मुक्काम करावा, हे यजमानांनीच आग्रहाने सांगायला हवे. आप्तांसाठी गोव्यातून काही न्यायचेच असेल तर काजूगर आणि बेबिंका आहेतच. बर्बनची बाटली मात्र बेळगावच्या दुकानात, मागचे लेबल वाचून आणि पावती घेऊन खरेदी करावी.